टेनिसमध्ये मुलीची सर्व्हिस सरावात आत पडते, सामन्यात मात्र डबल फॉल्ट का होतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चौदा वर्षांची आहे, निपाणीहून आठवड्यातून तीनदा बेळगावला येते, सरावात सर्व्हिस व्यवस्थित पडते आणि सामन्यात मात्र एकामागून एक डबल फॉल्ट, म्हणजे पहिली आणि दुसरी दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जातो. आणि कोच म्हणतात, "मुलींची सर्व्हिस अशीच असते, नुसता बॉल आत टाकू दे." हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

मी बेळगावातल्या टिळकवाडीची. कॉलेजात असताना स्पर्धा खेळले, आता सकाळी काही मुलींना शिकवते. धारवाडला एका सामन्यात ५-४ वर सर्व्हिस माझी होती. सलग तीन डबल फॉल्ट. कठड्यावर बसलेली पोरं प्रत्येक चुकीला मोठ्यानं आकडा म्हणत होती. पुढच्या पॉइंटला मी हात आखडला, बॉल नुसता ढकलला आणि तो जाळीत. गेम गेला, मग सामनाही. "नुसता आत टाक" हाच सल्ला मलाही मिळाला होता.

हात मध्येच आवरला की बॉल कुठं जाईल याचा नेम राहत नाही, आणि आत पडलाच तरी समोरची तो फोडून काढते. दुसऱ्या सर्व्हिसलाही हात पहिलीइतकाच जोरात फिरायला हवा, फक्त रॅकेट बॉलच्या पाठीवरून खालून वर घासत न्यायची. जाळी मध्यभागी ३ फूट, पलीकडचा सर्व्हिस बॉक्स, म्हणजे सर्व्हिस जिथं पडायला हवी तो चौकोन, २१ फूट लांब. असं घासून फिरकी दिली की बॉल जाळीवरून चांगला उंच जाऊनही बॉक्समध्ये खाली उतरतो.

आधी तिची पकड बघा. भाकरी उलटताना उलथनं धरतात तशी रॅकेट धरत असेल तर घासणं जमणारच नाही. हातोडी धरल्यासारखी धरायला लावा. पहिले पंधरा दिवस बॉल भलतीकडेच जातील, जाऊ देत.

मग टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवणं. माझ्या अनुभवात सामन्यात सगळ्यात आधी बिघडतो तो टॉसच. हात थरथरतो, बॉल बोटांतून घरंगळतो, डोक्यामागं जातो आणि मग मुलगी त्याच्या मागं वाकडी होऊन मारते. माझ्या भाचीला मी पाण्यानं भरलेला पेला हातात दिला आणि सांगितलं, सांडू न देता सरळ वर ने. पहिल्या दिवशी बाही भिजली, म्हणाली, "आत्ते, हे टेनिस हाय की पाणी भरणं?" आठवड्याभरात हात कोपरात न वाकता वर जायला लागला. मग पुढच्या पायाच्या थोडं पुढं रॅकेट जमिनीवर ठेवायची आणि न मारता टॉस केलेला बॉल त्या रॅकेटवर पडतोय का ते बघायचं. टॉस चुकला तर बॉल झेलून पुन्हा टाकायची मुभा नियमातच आहे, पण मुली लाजून तसाच मारतात. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात, तीही पुरती घ्यायला सांगा.

मुलींचा हातच तसा असतो म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, गल्लीत लहानपणी दगड मारून चिंचा कुणी पाडल्या? सर्व्हिस म्हणजे खांद्यावरून केलेली फेकच, आणि आपण पोरींना फेकू देतो कुठं? सरावाआधी दहा मिनिटं जुने बॉल लांबवर फेकायला लावा.

बेलारूसची टेनिसपटू आर्यना सबालेंका, तिचं उदाहरण मुलीला जरूर सांगा. २०२२ च्या हंगामात सबालेंकाचे ४२८ डबल फॉल्ट झाले, ॲडलेडला तर वैतागून खालून हातानं सर्व्हिस केली. मग बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या, जाणकाराकडून तिनं सर्व्हिसची हालचालच नव्यानं बसवून घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्या फायनलच्या पहिल्या मॅच पॉइंटलाही, म्हणजे जिंकायला एकच पॉइंट हवा असताना, तिनं डबल फॉल्टच केला होता! आणि लहान गावाचं म्हणाल तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानिया मिर्झाबरोबर २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेली.

आता तुमच्याबद्दल थोडं. सर्व्हिस हा एकटीनं सराव करता येणारा फटका, पण रिकाम्या कोर्टवर एकट्या मुलीला तासभर उभं राहू देणारी जागा आपल्याकडं किती? संध्याकाळचं कोर्ट मोठ्या पुरुषांचं, मुलींना उरलेला वेळ. तेव्हा कोचशी भांडण्यापेक्षा तिच्यासाठी अर्धा तास कोर्ट आणि बादलीभर जुने बॉल मागा, आणि तुम्ही स्वतः बॉल गोळा करायला उभे राहा. कपडे बदलायची सोय आहे का तेही बघा, पाळीच्या दिवसांत त्यावरच सराव अडतो. सामन्यात कठड्याशी उभं राहून "अगं आत टाक" ओरडू नका, तुम्ही ओरडत नसाल तर माफ करा. आणि एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, आली म्हणून रॅकेट माळ्यावर टाकू नका, आमच्याकडच्या निम्म्या मुलींचा खेळ तिथंच संपतो.

जूनला पाऊस लागला की मातीची कोर्टं बंद होतात. तेव्हा पडवीत उंची पुरत असेल तर रोज शंभर टॉस, नुसते टॉस. छताला लागला तर आवाज येतो, शेजारी विचारतात, सांगायचं सराव चाललाय.