आनंदपूर साहिब ठरावात खलिस्तान मागितलं होतं का?

तुमचा प्रश्न असा, की अकालींचा, म्हणजे पंजाबातल्या शिखांच्या अकाली दल या पक्षाचा, आनंदपूर साहिब ठराव म्हणजे खलिस्तानचीच मागणी ना? नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अकाली दलाच्या कार्यकारिणीने मंजूर केलेल्या या ठरावात वेगळा देश मागितलेला नाही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, दळणवळण अशी मोजकी खाती केंद्राने ठेवावीत, बाकीचा कारभार राज्यांकडे द्यावा, हा त्याचा गाभा. मात्र ‘खालशाचा बोलबाला’, म्हणजे शीख पंथाचं वर्चस्व, हे ध्येयही त्यात आहे. पंजाबातल्या हिंदूंना त्या शब्दांची धास्ती वाटली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

मागची सल आपल्याला कळायला हवी. १९५६ च्या पुनर्रचनेत मराठीसारखंच पंजाबीलाही स्वतंत्र राज्य नाकारलं गेलं. पंजाबी सुभा, म्हणजे पंजाबी भाषकांचं राज्य, झाला १ नोव्हेंबर १९६६ ला, तोही चंदीगडविना. नद्यांच्या पाण्याचा वाद तेव्हापासून चिघळला.

शीख हा वेगळा धर्म मानावा, या धार्मिक मागणीकडे मात्र आपलं फार दुर्लक्ष होतं. घटनेच्या कलम २५ चं पहिलं स्पष्टीकरण सांगतं, कृपाण बाळगणं हा शीख धर्माचा भाग आहे. म्हणजे धर्म वेगळा मानला. लगेच दुसरं स्पष्टीकरण म्हणतं, मंदिरं सर्वांना खुली करण्याच्या तरतुदीपुरतं ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन आणि बौद्धही धरावेत. हेतू चांगला होता, पण शब्द बोचले. फेब्रुवारी १९८४ मध्ये अकाली नेते प्रकाशसिंग बादल यांनी दिल्लीत या कलमाची प्रत जाळली. महाराष्ट्रातल्या बौद्धांनाही हेच स्पष्टीकरण लागू आहे, म्हणून मला हा प्रश्न परका वाटत नाही. २००२ मध्ये राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने ते काढून टाकण्याची शिफारस केली, तरी ते आहे तिथेच आहे. शिखांच्या लग्नांसाठीचा आनंद विवाह कायदाही १९०९ चा, पण त्याखाली लग्नाच्या नोंदणीची सोय व्हायला २०१२ ची दुरुस्ती लागली.

या मागण्या बंदुकीच्या आवाजात बुडाल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली दलाचे अध्यक्ष संत लोंगोवाल यांच्यातल्या २४ जुलै १९८५ च्या करारात ठराव घटनेच्या चौकटीतच असल्याचं अकाली दलाने लिहून दिलं, आणि केंद्र-राज्य संबंधांचा भाग सरकारिया आयोगाकडे सोपवायचं ठरलं. महिना उलटायच्या आत, २० ऑगस्टला, संत लोंगोवाल यांची हत्या झाली. करारानुसार चंदीगड २६ जानेवारी १९८६ ला पंजाबला मिळायचं होतं. ते आजही केंद्रशासितच आहे.