बेंजामिन १३७ ची दांडी आपोआप उघडते? आधी गॅस टॉर्च खाली ठेवा

"ओहायोतल्या गराज सेलमध्ये बेंजामिन १३७, हे पंपाने हवा भरायचं छऱ्यांचं जुनं पिस्तूल मिळालं. तीन पंप मारले की पंपाची दांडी हळूहळू स्वतःच उघडते, तासाभरात हवा गायब. व्हॉल्व्ह धरून ठेवणारा आतला नट जाम आहे, गॅस टॉर्चने तापवून सोडवू का? ठीक झालं की न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या भावाला भेट द्यायचंय." तुमचं हे वाचून टॉर्चपाशीच अडकलो. बाकीचं सावकाश वाचा, पण टॉर्च आज पेटवू नका.

या पिस्तुलाची पंपाची नळी पितळेची, वरची बॅरलही पितळेची. दोन्ही एकमेकींना धरून आहेत त्या नुसत्या डाखावर. शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांपासूनच वितळू लागतो आणि पितळ उष्णता भराभर पुढे पोचवतं. ज्योत नटावर धरली तरी नट हलायच्या आधी जोड सुटतो. हवाही या जोडातूनच बॅरलमध्ये चढते, त्यामुळे बॅरल केसभर सरकली तरी नवी गळती सुरू. त्यात पितळ लालसर होईपर्यंत तापलं तर ते मऊ पडतं, आणि दाब सोसायचा असतो तो याच नळीला.

माझ्या बेंजामिन १३२ चं, म्हणजे याच्याच भावंड मॉडेलचं, हेच वाटोळं एका दुरुस्तीवाल्याने केलं. सुटलेल्या जोडात त्याने इपॉक्सी भरली, वरून काळा रंग फासला आणि मजुरी पूर्ण घेतली. विचारलं तर म्हणे, जुन्या वस्तूंचं असंच असतं! इपॉक्सी खरवडून काढल्याशिवाय नवा डाख धरत नाही आणि खरवडताना मूळ मुलामा जातो. एअरगनचं काम रोज करत नाही अशा माणसाकडे ही पिस्तुलं देऊच नयेत, असं माझं मत. ज्यांचा अनुभव चांगला असेल त्यांनी रागावू नये.

आता तुमची गळती. दांडी स्वतः उघडते म्हणजे साठवलेली हवा पंपाकडे परत येतेय. दोष आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, वायसरचा नाही. वायसर गेला असता तर पंप मारताना हाताला जोरच लागला नसता. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळत असता तर दांडी गप्प बसली असती आणि हवा बॅरलकडून गेली असती. खात्री करायची तर छरा न घालता तीन पंप मारा, बोल्ट (छरा भरायला मागे ओढतो तो) उघडा आणि छरा ठेवायच्या खाचेत तेलाचा थेंब सोडा. तिथे बुडबुडे आले तर तोही व्हॉल्व्ह गळतोय.

खोलण्याआधी एक फुकटचा उपाय. पंपाच्या खाचेतून वायसरवर एअरगनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि तीन-तीन पंपांनी आठ-दहा वेळा हवा सोडा. तेल हवेबरोबर व्हॉल्व्हपर्यंत जातं, बैठकीवरचा कचरा कधी कधी त्यानेच सुटतो. मग दोन पंप भरून रात्रभर ठेवा. पंप मारण्याआधी बोल्ट ओढून घोडा मागे घ्यायला विसरू नका, नाहीतर रिकाम्या व्हॉल्व्हला घोडा टेकून राहतो, हवा थांबत नाही आणि आपण सील बदलत बसतो.

तेलाबद्दल. जुन्या पिस्तुलांत वायसर चामड्याचा असतो, अगदी स्टोव्हच्या पंपातल्यासारखा. म्हणून कोणी खोबरेल सुचवलं तर ऐकू नका. ते २४ अंशांखाली गोठतं, आणि ओहायोतलं गराज हिवाळ्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. डब्ल्यूडी-४० ने चामड्यातलं तेल धुऊन निघतं. डिटर्जंट नसलेलं साधं यंत्राचं तेल पुरतं.

एवढ्याने भागलं नाही तरच खोला. हवा पूर्ण सोडा. घोडा ओढून ट्रिगर दाबा, आवाज येईनासा होईपर्यंत, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. एकदा आवाज आला म्हणजे हवा संपली असं नाही. जास्त पंप मारलेले असले तर घोड्याच्या एका ठोक्याने व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि उरलेली हवा आत बसून राहते. म्हणूनच आठ पंपांच्या वर मी कधी जात नाही.

नट जाम असतो तो बहुधा कळंकाने. ताक पितळी भांड्यात कळकतं, तोच हा हिरवा प्रकार. पेनिट्रेटिंग ऑइल सोडून दोन-तीन दिवस थांबा, रोज एकदा हेअर ड्रायरने कोमट करा. त्याहून गरम नाही. सीलं त्या तेलाने खराब होतील, पण ती बदलायचीच आहेत. पान्यासाठी नळीच्या आतल्या मापाहून किंचित बारीक पोलादी पाइप घ्या आणि नटाच्या खाचांच्या मापाने टोकाला समोरासमोर दोन दात कानशीने काढा. माप व्हर्नियरने, अंदाजाने नको. दात अर्धवट बसला तर खाच फाटते आणि मग काही खरं नाही. नळी व्हाइसच्या जबड्यात थेट धरू नका, ती लंबगोल होते. लाकडाच्या ठोकळ्याला नळीच्या मापाचं भोक पाडून तो मधोमध चिरा, आत चामडं लावा आणि त्यात धरा. पान्याला आत दाब देतच फिरवा.

व्हॉल्व्हची बैठक सुती कापडाने पुसा, पॉलिश पेपर नको. जोडून झालं की दोन पंपांवर सुरुवात, मग तीन पंपांवर २४ तास. ठेवताना एक पंप भरून ठेवला तर व्हॉल्व्ह मिटलेला राहतो आणि धूळ बसत नाही.

बाहेरून घासू नका. काळ्याखालून चंदेरी दिसतंय ते निकेल, पिवळं दिसतंय ते पितळ. ही झीजच त्याचं वय सांगते. चिंचेने लख्ख करायची हौस घरच्या समयांवर भागवा. आणि अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको. ब्रिटिश काळात भारतातल्या पावसाळ्यात पितळी काडतुसं साठ्यातच तडकायची, कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. ताणाखालचं पितळ आणि अमोनिया यांचं जमत नाही.

पोलादी बीबी, म्हणजे बारीक गोल गोळ्या, बेंजामिन १३० या मॉडेलसाठी. तुमच्या १३७ मध्ये ०.१७७ चे शिशाचे छरेच, नाहीतर पितळी बॅरलच्या आतल्या खोबणी जातील.

एडिसनमधल्या भावाला भेट द्यायचं म्हणताय ते मात्र थांबवा. न्यू जर्सीच्या कायद्यात हवेचं पिस्तूलही फायरआर्म धरतात आणि हँडगनसारखी परवानगी लागते. मी वकील नाही, त्याला तिथल्या पोलिसांकडे आधी विचारायला सांगा.

पंप मारताना बॅरलचं टोक आणि दांडी अडकित्त्यासारखी दाबताय का? त्यानेही जोड टोकाकडून उकलतो. नळी आणि बॅरल दोन्ही मिळून मुठीत धरा, बोटं दांडीच्या वाटेतून बाहेर ठेवा. नट सोडवायला घेण्याआधी तोंडाकडच्या जोडाचा उजेडात काढलेला फोटो इथे टाका. तिथे बारीक काळी रेघ दिसत असेल तर आधी तिचं बघावं लागेल.