पॉपी, वीरगळ आणि तुझा प्रश्न

प्रिय सोनू,

तू विचारलंस ना, ११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, अकरा वाजता इथे सगळी शाळा लढाईत गेलेल्यांच्या आठवणीत दोन मिनिटं गप्प उभी राहते, मग आपण मराठी लोक लढाईत गेलेल्यांसाठी काय करतो, की आपल्याकडे असं काही नसतंच? असतं गं, आणि फार जुनं आहे, फक्त ते असं एकाच वेळी सगळ्या देशाने मिळून करायचं नसतं म्हणून तुला दिसलं नाही.

भाद्रपदात पितृपक्ष असतो ना, त्यात अमावास्येच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, कॅलेंडरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, शस्त्रादिहत पितृश्राद्ध. म्हणजे घरातला जो माणूस शस्त्राने किंवा अपघातात गेला, त्याचं पितृपक्षातलं श्राद्ध त्या दिवशी, मग त्याची तिथी कुठली का असेना. नाव, गोत्र घेऊन पिंड देतात. मला हे फार मोठं वाटतं, की लढाईत गेलेल्यांसाठी आपल्या पंचांगात वेगळा दिवसच राखून ठेवलाय.

आणि गावागावात वीरगळ असतात, लढाईत गेलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. देवळाबाहेर उभा दगड, त्यावर एकावर एक चौकटी. खालच्या चौकटीत लढाई, गुरं वाचवताना मेला असेल तर तिथे गाईपण कोरलेल्या असतात, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो महादेवाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहणार. बोरिवलीला एकसरमधे आहेत त्यांच्यावर तर जहाजांची लढाई आहे! बऱ्याच वीरगळांवर नाव नसतं, पण लोक अजून शेंदूर लावतात, फूल ठेवतात. नाव माहीत नसलेल्या माणसाला फूल वाहणं मला मनापासून आवडतं.

आता पॉपी, म्हणजे त्या दिवसासाठी इथे सगळे छातीवर लावतात ते लाल फूल. तू विचारलंस ती आपली आहे का, तर हो, आपलीपण आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या सैन्यातल्या मराठा पलटणी आत्ताच्या इराकमधे लढल्या, कुत नावाच्या गावात वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत, अन्न संपलं, शेवटी शरण जावं लागलं आणि कैदेत कितीतरी जण गेले. सातारा, रत्नागिरी, कोकणातली शेतकऱ्यांची पोरं होती ती. दुसऱ्या महायुद्धात आपल्या रायगडचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत, सोबतचे जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले तरी एकटे मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच गोळ्या लागून गेले. वय २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला, माणगावात पुतळा आहे.

तेव्हा राज्य ब्रिटिशांचं होतं, आपलं नव्हतं, दुसऱ्यांच्या साम्राज्यासाठी का मेले असं लोक विचारतात, आणि तो प्रश्न खराच आहे. पण पगारासाठी गेलेला, पलटणीच्या इज्जतीसाठी लढलेला पोरगा त्यामुळे आपला नव्हता असं होत नाही, त्याच्या आईने घरी वाटच बघितली असणार.

म्हणून पॉपी लाव, खुशाल लाव. आणि टीचरनी विचारलं की असेंब्लीत कोणाला बोलायचंय तर हात वर कर, घाडगेंचं सांग, वीरगळाचं चित्र मी काढून देते, रंग तू भर.

तुझी आई