वाचकांचे प्रश्न : आजोबांचे घड्याळ लहान का दिसते?

प्रश्न : आजोबांचे एचएमटी ‘जनता’ घड्याळ माझ्याकडे आहे. रोज चावी दिली की ते उत्तम चालते. मात्र ‘हे फारच लहान दिसते, बायकांच्या घड्याळासारखे वाटते’ असे म्हणून मुलगा ते वापरायला तयार नाही. एका दुकानदाराने तबकडी नव्याने रंगवून आणि मशीन मोठ्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पेटीत, बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. तसे करावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया करू नका. आपले घड्याळ पुरुषांचेच आहे आणि ज्या काळात ते घडले, त्या काळाच्या मानाने ते पूर्ण मापाचे आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला. ‘जनता’ची केस चावी सोडून मोजली तर साधारण ३५ मिलिमीटर भरते. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९३२ साली काढलेले ‘कालाट्राव्हा’ जेमतेम ३१ मिलिमीटरचे होते आणि रोलेक्सचे १९४५ सालचे ‘डेटजस्ट’ ३६ मिलिमीटरचे असूनही त्या वेळी मोठ्यांत गणले जाई. मशीन जितके लहान आणि पातळ, तितके कारागिराचे कौशल्य अधिक, अशी तेव्हाची धारणा होती. शिवाय घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकावे, अशी अपेक्षा असे.

मोठी घड्याळे तेव्हाही होती, पण ती कामाची अवजारे होती. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानदलाची ५५ मिलिमीटरची घड्याळे जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधली जात आणि इटलीच्या नौदलात पाण्याखाली बुडी मारून काम करणाऱ्या सैनिकांसाठी पानेराईने बनवलेली ४७ मिलिमीटरची घड्याळे गढूळ पाण्यात वाचता यावीत म्हणून मोठी होती. हे माप रोजच्या मनगटावर आले ते बरेच नंतर. ओडमार पिगे कंपनीचे १९९३ सालचे ४२ मिलिमीटरचे ‘रॉयल ओक ऑफशोअर’ अनेकांना अवाढव्य वाटले होते. २००५ साली उब्लोचे ‘बिग बँग’ ४४ मिलिमीटरमध्ये आले, तोवर नजर सरावली होती. वेळ पाहायला मोबाइल हाताशी आल्यावर घड्याळ हे दागिना म्हणूनच अधिक मिरवू लागले, आणि दागिना दुरून दिसावा ही इच्छा त्या मापामागे होती, असे मला वाटते. आपल्या चिरंजीवांची नजर याच वर्षांत घडली आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण गेल्या काही वर्षांत वारे उलटे फिरले आहे. रोलेक्सने ‘एक्सप्लोरर’ २०१० साली ३९ मिलिमीटरपर्यंत वाढवले होते, ते २०२१ साली पुन्हा मूळच्या ३६ मिलिमीटरवर आणले. ट्युडरनेही २०१८ साली ३९ आणि २०२३ साली ३७ मिलिमीटरचे, बुडी मारणाऱ्यांसाठीचे घड्याळ काढले.

आता तबकडीविषयी. रंग काढून नव्याने छापलेल्या तबकड्यांच्या जुन्या घड्याळांना परदेशातील संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचे नाव अशा कामाला चिकटावे याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण याच शहरात अत्यंत प्रामाणिक घड्याळजीही आहेत. अशी तबकडी भिंगाखाली धरली की अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात आणि सेकंदांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. मूळ तबकडीवरचे फिकट डाग मात्र आजोबांच्या वापराचे आहेत; एकदा पुसले की ते कोणालाही परत आणता येणार नाहीत. मोठ्या केसमध्ये तर मूळ तबकडी बसणारही नाही, म्हणजे मशीन तेवढे आजोबांचे उरेल. जाणकार घड्याळजीकडून मशीन खोलून साफ करून घ्या, ऑइलिंग करून घ्या, ओरखडे पडलेली काच बदला. केसला बफिंग, म्हणजे घासून चकाकी, मात्र करू देऊ नका, त्याने कडा गोलसर होतात. १८ मिलिमीटरचा साधा, न निमुळता होणारा चामड्याचा पट्टा लावून पाहा. पट्टा रुंद राहिला की घड्याळ मनगटावर भरीव दिसते, आणि बहुधा तेवढ्याने मुलाचा आक्षेप मावळेल.

प्रश्न : माझे मनगट बारीक आहे. ऑनलाइन मागवलेले ४२ मिलिमीटरचे घड्याळ हातावर ताटासारखे दिसले, मात्र मैत्रिणीचे त्याच मापाचे घड्याळ मला व्यवस्थित बसले. असे कसे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जाहिरातीत छापलेले माप केसच्या व्यासाचे असते, आणि घड्याळ बसते की नाही हे त्यावर फारसे ठरत नाही. पट्टा जिथे अडकतो ते केसचे चार कान ‘लग’ म्हणून ओळखले जातात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी पाहावी. मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीने आडवा मोजा. लगची लांबी त्यापेक्षा जास्त असेल तर टोके हवेत राहतात आणि पट्टा सरळ खाली उतरत नाही. मैत्रिणीच्या घड्याळाचे लग आखूड किंवा खाली वळलेले असावेत. तबकडीभोवतीची कडाही फरक पाडते : कडा अरुंद असली की तबकडी पसरलेली दिसते, रुंद असली की तेच माप आटोपशीर वाटते. मागवण्यापूर्वी लगच्या लांबीएवढी कागदाची पट्टी कापून मनगटावर ठेवून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. आणि ‘लेडीज’, ‘जेंट्स’ हे रकाने बाजूला ठेवून ३४ ते ३६ मिलिमीटरची पुरुषांची म्हणून विकली जाणारी घड्याळेही अवश्य पाहा.

प्रश्न : नव्या घड्याळांच्या काट्यांवर मुद्दाम पिवळसर रंग का देतात? — एक वाचक, नाशिक

उत्तर : जुन्या घड्याळांत अंधारात चमकण्यासाठी आधी रेडियमचा आणि पुढे ट्रिटियमचा लेप वापरत. तो वर्षानुवर्षे पिवळा, तपकिरी होत जाई. आजचा लेप किरणोत्सारी नसतो आणि त्या रीतीने जुनाही होत नाही, म्हणून जुनेपणाची छटा कारखान्यातच मिसळली जाते. मला स्वतःला ती आवडत नाही, कारण जो रंग काळाने चढायचा तो विकत घेण्यात काही हाती लागत नाही. परंतु जुन्या धाटणीचे प्रमाण, म्हणजे पातळ केस, फुगीर काच आणि लहान तबकडी, नव्या घड्याळात मिळत असेल, तर केवळ या छटेसाठी ते नाकारू नका. मात्र खरोखर जुने, रेडियमचा लेप असलेले घड्याळ हाती आले तर ते घरी उघडू नका, कारण त्या लेपाची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते.