मृतभांडी? कुणाचं सुतक आहे?

खानापूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: शाळेत बेळगावच्या वडगाव-माधवपूर इथल्या सातवाहनकालीन उत्खननाचा तक्ता लावायचा आहे, त्यात 'मृतभांडी' लिहावं, 'मृद्भांडी' की नुसतं 'खापरं'? आणि 'खापर फोडणे'चा याच्याशी काही संबंध आहे का?

'मृतभांडी' आधी पुसा. भाषणांत, फलकांवर, हल्ली बातम्यांतसुद्धा हा शब्द ऐकून कान किटलेत. मृद् म्हणजे माती. पुढे कठोर प आला की द् चा त् होतो, म्हणून मृत्पात्र. पुढे मृदू भ आला की द् तसाच राहतो, म्हणून मृद्भांड. मृत्पात्रातला त् उचलून भांड्याला चिकटवला आणि सातवाहनकाळातली भांडी दोन हजार वर्षांनी वारली!

आता खापर. संस्कृत कर्पर किंवा खर्पर, प्राकृत खप्पर, मराठी खापर. इथवर फारसं भांडण नाही. खरी गंमत पुढे आहे. कर्पर म्हणजे वाडगा, आणि कर्पर म्हणजेच डोक्याची कवटी. कपाल शब्दाचंही तेच, कवटी आणि खापर दोन्ही. यज्ञात अग्नीचा पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची जाड पोळी, 'अष्टाकपाल' असतो, म्हणजे आठ खापरांवर भाजलेला. आठ कवट्यांवर नव्हे. खानदेशात मांडे आजही खापरावरच भाजतात. तेव्हा 'कपाळावर खापर फोडलं' म्हणताना आपण खापरावरच खापर फोडत असतो. बरं, खापर म्हणजे फुटका तुकडा असेल तर तो आणखी फोडायचा कसा? माझ्या मते या वाक्प्रचारात अख्ख्या भांड्याचा जुना अर्थ टिकून राहिलाय. घरावरचं कौलही याच कपालातून आलं असं मी मानतो: कपाल, कवाल, कौल. 'कवलारू' घर म्हणणाऱ्या आजीला विचारा. देवाचा कौल मात्र अरबी. दोन्ही कौल एकच समजणाऱ्या विद्वानांना माझा कोपरापासून नमस्कार.

डोकं आणि भांडं एकच, हे काही आपल्यापुरतं नाही. लॅटिन 'टेस्टा' म्हणजे खापर. त्यातूनच फ्रेंचांचं 'तेत' आलं, म्हणजे डोकं. त्याच घराण्यातलं इंग्रजी 'टेस्ट' म्हणजे मूळचं सोनं-रुपं पारखायचं मातीचं पात्र, आपली मूसच म्हणा ना. म्हणजे प्रयोगशाळेत खापराची टेस्ट होते तेव्हा खापराचीच खापर होते! हा शोध लागला त्या दिवशी मी जेवण विसरलो होतो.

बेळगावात यावर एक हरकत ठरलेली: खापर हा शब्द कन्नड 'कप्पर'वरून आला. नाही हो. तो कन्नडमध्येही संस्कृत-प्राकृताकडूनच गेला. कन्नडचं अस्सल नाणं म्हणजे 'हंचु': भाकरीचा तवाही हंचु, घरावरचं कौलही हंचु. एकाच शब्दात तवा आणि छप्पर! त्याचा अभिमान बाळगायचा सोडून खापरावर हक्क कशाला सांगायचा? आणि हंचुचं मूळ 'हंडी'त शोधणारे आमचे मराठी वीरही त्याच माळेचे मणी.

तक्त्यात आणखी एक चूक टाळा: 'भांड्यांची कार्बन डेटिंग केली'. भाजलेल्या मातीला ते लागू नाही. चिकटलेल्या काजळीचं, करपलेल्या अन्नाचं होतं. खापराचं वय काढायचं तर ते तापवून त्यातून किती प्रकाश निघतो ते मोजतात. आव्यात भाजताना मातीतला ऊर्जेचा जुना साठा पुसला जातो, त्यानंतर जमलेलाच मोजायचा. त्याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. पण बाकी पुष्कळसं नुसत्या डोळ्यांनी कळतं. एखाद्या फुटक्या कुंडीची ताजी तुटलेली कड बघा. दोन्ही बाजूंनी तांबडी आणि मधे काळी रेघ दिसली तर समजा, मातीतला भुसा पुरता जळायच्या आत भट्टी विझली. काठ आणि आतली बाजू काळी, बाकी तांबडी अशी खापरं असतात, ती भांडी सहसा उपडी ठेवून भाजलेली. आत हवा पोचली नाही, म्हणून तो भाग काळा राहिला. खापर हातात धरून मुलांना दाखवा, तक्त्यापेक्षा लवकर कळेल.

तक्त्याचं राहिलंच. तुकडे असतील तर 'खापरं', अख्खं असेल तर 'मृद्भांड'. आणि द ला भ जोडताना पेंटरजवळ उभ्या राहा, नाहीतर तो त काढेलच.