साहेब होण्याआधी एक अर्ज लिहू दे

स. न. वि. वि.

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वारसनोंदीसाठी सात हेलपाटे घालून दमलेले तुम्ही म्हणता, अधिकाऱ्यांचे अधिकार छाटले पाहिजेत. एमपीएससीची तयारी करणारा तुमचा मुलगा म्हणतो, अधिकाऱ्याला मोकळा हात हवा. रोज जेवताना हाच वाद. आणि तुमचा प्रश्न: त्याला या वाटेनं जाऊ द्यावं का?

जाऊ द्या. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. 2019 चा महापूर तुम्ही शिरोळ तालुक्यात सोसलाय. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पंचगंगा 55 फुटांच्या पुढं गेली होती. तेव्हा ठराव करत कोण बसणार? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाला लोकांची वाहनं, इमारती ताब्यात घेता येतात. तो अधिकार हवाच. त्याच कायद्यात मोबदल्याचीही तरतूद आहे, हे मात्र त्याला वाचायला लावा.

फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याचं, वेगळं. तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी मंजुरी देतो, वर अपील आहे. यातली एक पायरी जरी काढली तरी कुणाचंही रान कुणाच्याही नावावर चढेल. म्हणून इथं एकाच्या हाती सगळं नको. तुमचे हेलपाटे झाले ते उशिराचा जाब कुणी विचारला नाही म्हणून. खरं तर टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, असा राज्याचा 2005 चा कायदा आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. माझं मत विचाराल तर अधिकार भरपूर द्यावा, पण मुदतीत आणि कारण लिहून वापरायला लावावा.

माझ्याकडं येणारी बरीच मुलं 'पॉवर'साठी साहेब व्हायला निघतात. नकाराखाली स्वतःची सही आणि कारण लिहिण्याची तयारी थोड्यांचीच असते. वरून फोन आला तर 'लेखी द्या' म्हणता येईल का, हे त्यानं स्वतःला विचारावं. प्रयत्न किती करायचे तेही आत्ताच ठरवा, आणि दुसरी वाट उघडी ठेवा. जागा फार थोड्या असतात.

या आठवड्यात तुमची नोंद कुठं अडलीय, याचा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच्या हातानं लिहून घ्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज द्यायलाही त्यालाच पाठवा, रांगेत उभा राहू दे. काय उत्तर येतं ते दोघांनी मिळून मला कळवा.