हवेतल्या बारीक कणांमुळे माणसं दगावतात, याला खरंच पुरावा आहे का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ॲपवर हवेचा निर्देशांक दीडशे दिसतो पण घरात कुणाला काहीच त्रास नाही, मग एवढा बाऊ कशाला? आजोबा लालबागच्या गिरणीत उभी हयात काढून ८६ वर्षं जगले, त्याचं काय? आणि अँजिओप्लास्टी झालेली आई रोज सकाळी हमरस्त्याच्या कडेने फिरायला जाते, ते बंद करायचं का? मी मेडिकल कॉलेजात पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय शिकवते, त्यामुळे हवेतले कण आणि आजार हा माझा नेहमीचा विषय. आईंचं आधी सांगते.

फिरणं बंद करू नका, रस्ता बदला. यावर लंडनमध्ये नेमका अभ्यास झालेला आहे. साठीच्या पुढचे ११९ जण घेतले. काही ठणठणीत, काही सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आखडण्याच्या आजाराचे, काही हृदयविकाराचे. प्रत्येकाला एक दिवस हाइड पार्कमध्ये आणि दुसऱ्या एका दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालायला लावलं. या रस्त्यावर तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सी यांचीच वर्दळ असायची. बागेत चालल्यावर फुप्फुसांचं काम सुधारलं, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावर चालल्यावर तो फायदा बराचसा पुसला गेला. २०१८ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे: जे हृदयरोगी नियमित औषधं घेत होते, त्यांच्या रक्तवाहिन्यांवर रस्त्यावरच्या हवेचा परिणाम कमी दिसला. तेव्हा आईंना गोळ्या चुकवू देऊ नका. आतल्या गल्लीतून किंवा बागेत जाऊ द्या, आणि थंडीच्या दिवसांत पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर. पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूरही तिच्याबरोबर तिथेच अडकतो.

आता त्रास होत नाही म्हणता, त्याबद्दल. आपण प्रदूषण म्हटलं की खोकला आणि दमा यांचाच विचार करतो. पण पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी पन्नास-साठ मायक्रॉनच्या आसपास असते. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते, शिंकेवाटे, कफावाटे निघून जाते. हे कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे दाह सुरू होतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि त्यातले सर्वांत सूक्ष्म कण रक्तात उतरू शकतात. एडिनबराच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगायला दिले, कारण सोनं शरीरात हुडकता येतं. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत सापडले आणि तीन महिन्यांनंतरही लघवीत मिळत होते. एडिनबरातच २००७ च्या एका प्रयोगात, आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या २० पुरुषांना एकदा स्वच्छ हवेत आणि एकदा डिझेलच्या विरळ धुरात सायकल चालवायला लावली. धुरात असताना त्यांच्या ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण जास्त ठळक दिसली. म्हणजे घरात कुणी खोकत नाही यावरून हृदयाचा अंदाज बांधता येत नाही.

हे कण मोजतात कसे, तेही सांगते, म्हणजे आकडा हवेतून काढलेला वाटणार नाही. गच्चीवर ठेवलेला पंप मिनिटाला साधारण साडेसोळा लिटर हवा ओढतो आणि टेफ्लॉनच्या पावणेपाच सेंटिमीटरच्या पांढऱ्या चकतीतून सोडतो. चोवीस तासांत २४ घनमीटर हवा जाते. चकती आधी ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवून तोलतात, नंतर पुन्हा तोलतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर वजनात पडणारा फरक दीड मिलिग्रॅमसुद्धा नसतो. पण चकती चिमट्याने उचलून उजेडात धरली की मधला गोल करडा-काळा झालेला दिसतो. माझे विद्यार्थी पहिल्यांदा ती बघतात तेव्हा वर्गात आपोआप शांतता होते. एवढ्याशा वजनाने माणसाचं काय बिघडणार, ही शंका मग प्रत्येकाच्या मनात येते, आणि ती रास्त आहे.

त्या शंकेचं सर्वांत चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात मिळतं. तिथे जिनीव्हा नावाचा पोलाद कारखाना होता, खोऱ्यातल्या कणांचा सर्वांत मोठा स्रोत. कामगार आणि मालक यांच्या वादात तो ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि १९८७ च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाला. म्हणजे एक अख्खा हिवाळा कारखान्याविना गेला. खोऱ्यातच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकवणाऱ्या आर्डेन पोप यांनी इस्पितळांच्या नोंदी काढल्या. ते डॉक्टर नव्हते, अर्थशास्त्रातून आलेले होते. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्याने दाखल झालेली मुलं बंद हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. लोक तेच, डॉक्टर तेच, डोंगरही तेच. शिवाय वस्ती मुख्यतः मॉर्मन पंथाची, सिगारेट ओढणारे फार थोडे, त्यामुळे तंबाखूवर खापर फोडायची सोय नव्हती.

मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. हवा मोजणाऱ्यांनी त्या काळातल्या चकत्या जपून ठेवल्या होत्या. पुढे कारखाना चालू असतानाच्या, बंद असतानाच्या आणि पुन्हा चालू झाल्यानंतरच्या चकत्यांवरचा माल पाण्यात उतरवून स्वयंसेवकांच्या फुप्फुसात अगदी थोड्या मात्रेत सोडला. मात्रा तिन्ही वेळी सारखी. चालू काळातल्या कणांनी दाह केला, बंद काळातल्या कणांनी तेवढा केला नाही. म्हणजे प्रश्न फक्त वजनाचा नव्हता. कणांवर धातू कोणते चिकटलेले आहेत, यालाही महत्त्व होतं. म्हणूनच ती दीड मिलिग्रॅमची शंका मी विद्यार्थ्यांना सोडून देऊ देत नाही.

मृत्यूंबद्दलचा मोठा पुरावा हार्वर्डने अमेरिकेतल्या सहा शहरांच्या केलेल्या अभ्यासातून आला. ८,१११ प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं पाठपुरावा केला. १९९३ मध्ये निष्कर्ष आला की त्यातल्या सर्वांत प्रदूषित शहरात, ओहायोतल्या स्ट्यूबेनव्हिलमध्ये, मृत्यूचा धोका सर्वांत कमी प्रदूषित, विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त होता, आणि हे वय, सिगारेट, शिक्षण, वजन हिशेबात धरून. उद्योगांनी यावर प्रचंड आक्षेप घेतले. मग मूळ माहिती तिऱ्हाईत संशोधकांच्या हाती देऊन सगळं गणित पुन्हा करून घेतलं. २००० साली उत्तर तेच आलं. नंतरच्या वर्षांत जिथे कण कमी झाले तिथे मृत्यूचा धोकाही घटलेला दिसला.

आता आजोबा. ते इतकं जगले याचा मला मनापासून आनंद आहे. पण गिरणीत ज्याची छाती भरली तो मस्टरवरून गेला. रत्नागिरी-साताऱ्याकडे गावी परतला आणि तिथेच संपला. कापूस पिंजण्याच्या कार्डिंग खात्यात धुळीने बायसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार व्हायचा, सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळायची, हे जुने कामगार सांगायचे. जे तगले तेच नातवंडांना दिसतात. आणि लालबागची हवा कुणी तपासलीच नाही असंही नाही: १९७० च्या दशकात परळच्या केईएममधल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या वस्त्या आणि एक ग्रामीण भाग यांची तुलना केली. जास्त प्रदूषित वस्तीत खोकला आणि धाप यांचं प्रमाण कमी प्रदूषित वस्तीपेक्षा जास्त निघालं.

अमेरिकेची हवा वेगळी, आपली वेगळी, हा मुद्दा कुणीतरी काढेलच. २०२४ मध्ये भारतातल्या दहा शहरांचा अभ्यास आला, त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही आहेत. २००८ ते २०१९ मधले सुमारे ३६ लाख मृत्यू रोजच्या पीएम २.५ शी ताडून पाहिले. कण घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू सुमारे १.४ टक्के वाढतात. हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल, कारण एका घरात तो कधीच दिसत नाही. पण पुण्या-मुंबईत श्वास न घेता कुणीच राहत नाही, त्यामुळे तो सगळ्या शहराला लागू होतो. बंगळूर, चेन्नई, सिमला अशा तुलनेने बऱ्या हवेच्या शहरांत तर प्रत्येक वाढीचा फटका जास्त तीव्र होता.

म्हणून ॲपवर निर्देशांकाच्या रंगापेक्षा पीएम २.५ चा आकडा बघा. आपला दीडशेचा निर्देशांक कणांमुळे असेल, तर तो घनमीटरला साधारण ७५ मायक्रोग्रॅम होतो. आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक चोवीस तासांना ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं १५. तुमच्या वॉर्डात रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट किंवा न झाकलेलं बांधकाम असेल, तर नगरसेवकाकडे जाताना हे तीन आकडे सोबत न्या.